आठ तासांचा नियम कुणी घालून दिला?

आज जरा रागात लिहिते आहे. राग आधी स्वतःवर आहे, मग त्या दुकानदारावर, आणि मग "काकू, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात" म्हणणाऱ्या सगळ्यांवर.

गोष्ट खरंच एवढीशी आहे. नवा फोन घेतला की आधी बंद करून आठ तास चार्जिंगला लावायचा. मध्ये चालू करायचा नाही, नाहीतर बॅटरी कायमची कमजोर होते. हे तुम्ही ऐकलेलं आहे. बहुतेक दुसऱ्या कुणाला सांगितलेलंही आहे. मीही सांगितलं, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला.

अक्का ७४ वर्षांची. शिरोळ तालुक्यातल्या गावात स्वतःच्या घरी एकटी राहते. मुलगा पुण्याला. दमा जुना आहे, पण पंप जवळ असतो आणि तब्येतीची कुरकुर करायची तिची सवय नाही. गेल्या पावसाळ्यात तिचा बटणांचा फोन बादलीत पडला. भाच्याने पैसे पाठवले आणि मी तिला घेऊन दुकानात गेले. दुपारचे चार वाजले असतील. दुकानदाराने नव्या फोनमध्ये सिमकार्ड घातलं, चालू करून दाखवला, कोपऱ्यात ५८ टक्के दिसत होते. मग त्याने तो बंद केला आणि म्हणाला, "काकू, घरी गेलं की चार्जिंगला लावा. पूर्ण आठ तास. मध्ये चालू केला तर बॅटरी बसली म्हणून समजा."

मी मान डोलावली. एवढंच नाही, अक्काला घरी सोडताना दारात पुन्हा बजावलं, "आठ तास हात लावू नकोस गं."

अक्काने सूर्यास्ताआधी जेवण उरकलं, सामायिक केलं आणि सात वाजता फोन लावला. अकराच्या सुमारास तिला धाप लागली. पंप दाबला, तो संपत आलेला. शेजारचे गावाला गेलेले, बाहेर धो धो पाऊस. समोर फोन, त्यात सिमकार्ड आणि निम्म्याहून कितीतरी जास्त भरलेली बॅटरी. एक बटण दाबलं असतं तर मी बारा किलोमीटरवर होते.

तिने दाबलं नाही. सातात आठ मिळवले की तीन होतात. भिंतीला टेकून ती घड्याळाकडे बघत बसली. आत्ता कमी होईल, मग कमी होईल, असं करत चार तास काढले. तीन वाजता फोन चालू करून मला लावला तेव्हा तिला वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. गाडी काढून गेलो, दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, तीन दिवस ठेवून घेतलं. वाचली. चौथ्या दिवशी मी विचारलं, "अगं, लावला का नाहीस आधी?" तर म्हणाली, "पोराने एवढे पैसे घातलेत. खराब झाला असता म्हणजे? आणि तूच तर सांगितलं होतंस."

त्या दिवसापासून मी या आठ तासांच्या मागे लागले आहे. भाच्याला विचारलं, नातवाकडून वाचून घेतलं, फोनसोबतचं पुस्तक चष्मा लावून वाचलं. जे कळलं ते सांगते, आणि मग भांडते.

आपल्याकडे कुठलीही गोष्ट तपासायची तर चार अंगांनी तपासायची असते. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव. एखादं विधान खरं की खोटं, हे कोणत्या वस्तूबद्दल, कुठे, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत बोललं गेलं ते पाहिल्याशिवाय ठरत नाही. आठ तासांच्या नियमाचंही तसंच आहे. तो कुणी हवेतून काढलेला नाही. तो एका वेगळ्या द्रव्याचा नियम होता.

ते द्रव्य म्हणजे निकेल आणि कॅडमियम. या जातीची बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली बनवली. पुढे विसाव्या शतकात घरात जे जे पुन्हा चार्ज होणारं आलं, म्हणजे दाढीचं यंत्र, बिनवायरीचा टेलिफोन, हातातले बोअरचे ड्रिल, त्यात बहुतेक हीच किंवा हिची बहीण निकेल-मेटल हायड्राइड असायची. सुरुवातीच्या मोबाइलमध्येही तीच. ही बॅटरी दुकानात महिनोन् महिने पडून राहिली की सुस्त व्हायची. एकात एक जोडलेले तिचे सेल सारखे भरलेले नसायचे. सगळ्यांना एका पातळीवर आणायला पहिल्यांदा सावकाश आणि बराच वेळ चार्ज करावं लागायचं.

मग तास का मोजायचे? तर तेव्हाच्या साध्या चार्जरला बॅटरी भरली की नाही हे कळायचं नाही. तो आपला हळूहळू वीज ढकलत राहायचा. बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश वेगाने भरायची तर हिशेबाने दहा तास लागतात. पण काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून १४ ते १६ तास ठेवा असं सांगायचे. यंत्राला डोकं नव्हतं म्हणून माणसाने घड्याळ बघायचं. "पूर्ण संपू दे आणि मगच लाव" हा दुसरा नियमही तिथलाच. निकेल-कॅडमियमची बॅटरी रोज थोडीशीच वापरून पुन्हा भरली की उरलेला भाग जणू विसरून जायची.

म्हणजे ज्यांनी हे नियम केले ते मूर्ख नव्हते. त्यांच्या द्रव्याला आणि त्यांच्या काळाला ते बरोबर होते.

पण द्रव्य बदललं. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. त्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. (गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. वय झालं म्हणून आम्हाला काही कळत नाही असं समजणाऱ्या घरातल्या मंडळींसाठी हा कंस.) आज तुमच्या-माझ्या हातातल्या फोनमध्ये, नातवाच्या लॅपटॉपमध्ये, पॉवर बँकेत याच जातीची बॅटरी आहे.

आता खरी गंमत ऐका. या बॅटरीला पहिल्या चार्जिंगचं महत्त्व असतं, अगदी नक्की असतं. पण ते पहिलं चार्जिंग कारखान्यात होऊन गेलेलं असतं. सेल बनवला की तिथेच तो अतिशय हळू, ठरावीक तापमानात, यंत्राच्या देखरेखीखाली पहिल्यांदा भरतात. त्या वेळी आतल्या ग्रॅफाइटवर एक बारीक पापुद्रा तयार होतो. तो नीट जमला तर बॅटरी पुढे वर्षानुवर्षं चालते. मग सेल काही दिवस ठेवून देतात, तपासतात, आणि तेव्हाच फोनमध्ये बसवतात. मी कॉमर्सची आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगते. वही उघडून आरंभीची शिल्लक कारखान्यातच लिहिलेली असते. तुम्ही घरी जे लावता ती मधल्याच कुठल्यातरी दिवसाची नोंद. अक्काच्या हातात फोन आला तेव्हा त्याचं "पहिलं चार्जिंग" होऊन गेलेलं होतं. मग ती कशासाठी थांबली?

दुसरी गोष्ट. आठ तास लावला तरी हा फोन आठ तास वीज घेतच नाही. आत एक छोटा पहारेकरी बसवलेला असतो. सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्टपर्यंत पोचेस्तोवर तो वीज भराभर येऊ देतो, मग हळूहळू कमी करतो आणि बॅटरी भरली की थांबवतो. दोन-अडीच तासांत काम संपतं. उरलेले साडेपाच-सहा तास पिन नुसती लोंबकळत असते. अक्काचा फोन तर निम्म्याहून जास्त भरलेलाच होता. माझ्या हिशेबाने तो नऊ-साडेनऊलाच भरून मोकळा झाला असणार. अकरा ते तीन ती ज्याची वाट पाहत होती, ते तिला धाप लागण्याआधीच संपलेलं होतं.

आणि मध्ये चालू केला तर? काही होत नाही. अर्धा भरून काढला, पुन्हा लावला, तरी काही होत नाही. उलट या बॅटरीला शून्यापर्यंत नेणं मानवत नाही, पूर्ण भरून तसंच ठेवणं मानवत नाही, आणि उष्णता तर मुळीच मानवत नाही. साधारण २० ते ८० टक्क्यांमध्ये ठेवली तर ती जास्त टिकते. घसारा तिलाही आहे. बहुतेक फोनच्या बॅटऱ्या पाचशे ते हजार पूर्ण फेऱ्यांनंतर थकलेल्या जाणवतात. पण दोनदा अर्धी-अर्धी भरली तर ती एकच फेरी धरायची. थोडं थोडं भरल्याने जास्तीचा घसारा लागत नाही. रात्रभर उशीखाली, गादीवर चार्जिंगला लावून झोपणं मात्र खरोखर वाईट, कारण तिथे तापलेली हवा निघायला वाट नसते. ते दुकानदार सांगत नाही.

आता भांडणाकडे येते.

पहिलं म्हणणं असं येतं की, "पण फोनच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं, आधी पूर्ण चार्ज करा." काही पुस्तकांत असतं, खरं आहे. कारण फोन खोक्यात पडून असताना थोडी बॅटरी उतरते आणि तुम्हाला पहिल्या दिवशी मध्येच बंद पडू नये एवढाच त्यांचा हेतू. शिवाय टक्के दाखवणारा जो आकडा असतो, तो पूर्ण भरल्याने नीट जुळतो. जुळतो तो आकडा. बॅटरीची ताकद त्याने वाढत नाही की घटत नाही. तराजू शून्यावर आणला म्हणून तांदूळ वाढत नाहीत. आणि मी पाहिलेल्या पुस्तकात आठ तास कुठेही नव्हते. बंद ठेवा, हात लावू नका, नाहीतर बॅटरी बसेल, हेही नव्हतं. ते सगळं काउंटरवर बनलेलं.

दुसरं म्हणणं, "अहो, पण पाळलं तर बिघडतं काय?" आमच्या महिला मंडळात तर हे तिघींनी म्हटलं. बिघडतं काय ते मी वर सांगितलं. दरवेळी दमा नसेल, पण कुणाचा प्रवास असेल, कुणाचा मुलगा परीक्षेहून यायचा असेल. आणि दमा, प्रवास काहीही नसला तरी माझा आक्षेप राहतोच. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितलेला आहे. ज्यात काही प्रयोजनच नाही अशी झीज, अशी हिंसा करायची नाही. माती विनाकारण उकरू नये, पाणी विनाकारण सांडू नये, अग्नी विनाकारण पेटवू नये, याला प्रमादचर्या म्हटलं आहे. फोनला वीज किती लागते, तर नगण्य. एका युनिटात एक फोन चाळीस वेळा तरी भरेल. पैशाचा प्रश्न नाही. प्रश्न "का" न विचारता करण्याचा आहे. "बिघडतं काय" म्हणून जे आपण करतो त्यातलं निम्मं अनर्थदंडातच जमा होतं.

तिसरं म्हणणं मला सर्वात लागलं. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका नातलगाने ते ऐकवलं. "रात्री अन्न नाही, पाणी नाही. या वयात नियम कशाला? त्यानेच झालं हे." अक्काने रात्रीच्या त्यागाचा नियम घेतानाच औषधाची सूट ठेवलेली आहे. पंप ती रात्रीही घेते, त्या रात्रीही घेतला. नियमाने तिला अडवलं नाही. अडवलं दुकानदाराच्या नियमाने. पण त्या गृहस्थांना पाच हजार वेळा गाळलेलं पाणी दिसलं, आणि आठ तास दिसलेच नाहीत. कारण आमचा नियम धर्माचा, म्हणजे अंधश्रद्धा. आणि तो नियम यंत्राचा, म्हणजे विज्ञान. मी त्यांना विचारलं, "तुम्ही नवा फोन घेतला तेव्हा काय केलंत?" म्हणाले, "रात्रभर लावून ठेवला होता." का, ते त्यांना सांगता येईना.

मला सांगता येतं. पाणी का गाळायचं ते मला सातव्या वर्षी आईने सांगितलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते आपल्यामुळे मरू नयेत. म्हणून जाड कापड दुहेरी करायचं, आणि कापडावर राहिलेलं परत जिथून पाणी घेतलं तिथेच सोडायचं. नुसतं गाळून जीवाणी फेकून दिली तर गाळण्याला अर्थ नाही, हेही तिनेच सांगितलं. कारण माहीत असलं की नियम कुठे लागतो आणि कुठे नाही हे आपलं आपल्याला कळतं. ज्याला हा नियम मान्य नाही त्यालाही मी कारण सांगू शकते, मग तो भांडो किंवा मानो.

आपल्या घरांत रत्नकरंड श्रावकाचार असतो. कपाटात असतो, काढून वाचा. त्यात समंतभद्र आचार्यांनी सम्यग्दर्शनाच्या आड येणाऱ्या तीन मूढता सांगितल्या आहेत, त्यातली एक लोकमूढता. नदी-समुद्रात बुडी मारणं, वाळू-दगडांचे ढीग करणं, कड्यावरून उडी घेणं, अशा गोष्टींना लोक करतात म्हणून धर्म समजणं. हेच आचार्य आप्तमीमांसेत खुद्द भगवंतांनाही परीक्षेवाचून सोडत नाहीत. देव दर्शनाला येतात, चामरं ढाळली जातात, हे तर मायावी माणसाकडेही दिसू शकतं, तेवढ्याने मी तुम्हाला थोर मानत नाही, असा त्यांचा पवित्रा आहे. ज्या परंपरेत अरिहंताची परीक्षा होते, त्या परंपरेतली मी बी. कॉम. झालेली बाई मोबाइलच्या दुकानात "का हो?" एवढे दोन शब्द विचारू शकले नाही. माझा राग आहे तो हा. दुकानदार पंचविशीतला पोरगा. त्याला त्याच्या मालकाने सांगितलं, मालकाला आणखी कुणी. मी विचारायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, नाहीतर माझं ऐकून दुसरं टोक गाठाल. घरातल्या इन्व्हर्टरची जी मोठी, आम्लाची, शिशाची बॅटरी असते, तिचं द्रव्य वेगळं. ती नवी आणली की वापरण्याआधी पूर्ण चार्ज करून घ्यावी, आणि रिकामी तशीच पडू देऊ नये. आत शिशावर खडे धरतात आणि ते नंतर निघत नाहीत. दुचाकीची आम्ल भरून द्यायची कोरी बॅटरी असेल तर तिलाही आधी चार्जिंग लागतं. तिथे मेकॅनिक थांबा म्हणाला तर थांबा. माझं म्हणणं सगळे नियम मोडा असं नाही. नियम सांगणाऱ्याला विचारा, हा कोणत्या द्रव्याचा? आत लिथियम आहे की शिसं, हे बॅटरीवर आणि पुस्तकात लिहिलेलं असतं. तेवढं वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून माझ्या घरात मी आता ठरवलं आहे. नवा फोन दुकानातच चालू करायचा आणि चालूच ठेवून घरी आणायचा. पहिला फोन अशा माणसाला लावायचा जे एकटं राहतं. चार्जिंग कमी झालं की लावायचा, गरज पडली की काढायचा, उशीखाली ठेवायचा नाही. जुना फोन चालत असेल तर घरातल्या एकट्या माणसाकडे तोही दुसरं सिमकार्ड घालून ठेवायचा. आणि पंप संपत आला की नाही हे दर महिन्याच्या एक तारखेला विचारायचं. हे शेवटचं बॅटरीशी संबंधित नाही, पण माझ्या चुकीशी आहे.

मागच्या महिन्यात सूनबाईने नवा फोन घेतला. दुकानदार दुसरा, पण वाक्य तेच, आठ तास. मी विचारलं, "का हो?" तो म्हणाला, "मॅडम, सगळे तसंच करतात." मी त्याच्यासमोर फोन चालू केला. ४६ टक्के होते. तिथूनच अक्काला लावला.

"कुणाचा नंबर गं हा?" तिने विचारलं.

"सूनबाईचा नवा फोन. आत्ताच खोक्यातून काढलाय."

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "चार्ज केला नाहीस ना आधी?"

"नाही."

"बरं केलंस," म्हणाली, आणि नेहमीसारखी पावसाचं बोलायला लागली.

जय जिनेंद्र.